साक्षीचा कागद

धर्मग्रामाच्या कचेरीतील सर्वांत जुनी वस्तू म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, कोठे वाळवीने खाल्लेली. नवख्या माणसाची अशी समजूत असते की, या वहीत नाव चढले म्हणजे मनुष्य ख्रिस्ती झाला. वस्तुस्थिती तशी नाही. संस्कार घडतो तो कुंडापाशी. वही उघडली जाते ती नंतर. पुराच्या पाण्यात वही भिजली, शाई पसरली, पान गहाळ झाले, तरी झालेला बाप्तिस्मा न झालेला होत नाही. नोंद ही साक्षीदार आहे, जन्मदात्री नव्हे. सेमिनरीत धर्मकायदा शिकविणारे आमचे प्राध्यापक हा भेद इतक्या वेळा घोकून घेत की, पुढे तो कधी विसरणे शक्यच नव्हते.

हाच भेद उतारवयाकडे झुकताना आम्हांस एका अनपेक्षित प्रांतात पुन्हा भेटला. तो प्रांत म्हणजे ब्रिटनचा नागरिकत्वाचा कायदा. वाचक विचारतील, वसई-मुंबईच्या धर्मगुरूस त्या कायद्याशी काय कर्तव्य? कर्तव्य उताऱ्यांमुळे निर्माण झाले. गोव्यात दिलेल्या आमच्या मुली, सिंधुदुर्गातून गोव्यात स्थायिक झालेली कुटुंबे आणि त्यांची इंग्लंडमध्ये गेलेली पुढची पिढी यांची पत्रे येतात. कोणास आईच्या बाप्तिस्म्याचा उतारा हवा असतो, कोणास लग्नाचा. उताऱ्याच्या विनंतीबरोबर हळूहळू त्यांच्या अडचणीही पाकिटातून बाहेर पडू लागल्या.

या प्रवासाची वाट आधी स्पष्ट करावयास हवी, कारण आमच्याकडे तिच्याविषयी भलतेच समज आहेत. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा, दमण व दीव येथे पोर्तुगालची सत्ता होती. त्या दिवसापूर्वी तेथे जन्मलेल्यांस पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो, आणि त्यांच्या मुलांना व नातवंडांनाही तो हक्क सांगता येतो. त्यासाठी गोव्यातील जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय निबंधक कार्यालयात उतरवून घ्यावी लागते. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की भारतीय नागरिकत्व सोडावे लागते. हा काही लहान त्याग नव्हे. अनेकांनी तो पोर्तुगालमध्ये राहण्यासाठी केला नाही. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायाचा सदस्य होता, आणि त्या पासपोर्टाने इंग्लंडचे दार उघडत होते. स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो येथे गोवेकरांच्या वसाहती झाल्या. दमण-दीवची मंडळी लेस्टरला गेली.

वसईकरांनी मात्र या बाबतीत आशा धरू नये. आमची आडनावे डिसोजा, परेरा, लोपीस अशी असली, तरी चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. कायद्याची स्मृती इतकी लांब जात नाही. 'तुमच्या आडनावावर पासपोर्ट काढून देतो' असे सांगणारे दलाल अधूनमधून आमच्या गावांतून फिरतात. त्यांस ओटीवरूनच परत पाठवावे, हे उत्तम.

आता मूळ विषयाकडे येऊ. युरोपीय संघात मुक्त संचाराचा हक्क म्हणून जो होता, त्याचे स्वरूप आमच्या बाप्तिस्म्यासारखे होते. पोर्तुगीज नागरिक इंग्लंडमध्ये आला, कामाला लागला, की त्याचे तेथील वास्तव्य आपोआप कायदेशीर होई. कोणाची परवानगी नको, पासपोर्टवर शिक्का नको. पाच वर्षे अशी झाली की, २००६ पासून त्याला कायम वास्तव्याचा हक्कही आपोआप प्राप्त होत असे. तो हक्क दर्शविणारा कागद मिळे. पण कागद मागितला नाही म्हणून हक्क बुडत नसे. कागद साक्षीदार होता.

पहिला बदल १२ नोव्हेंबर २०१५ रोजी झाला, तोही निमूटपणे. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या युरोपीय नागरिकाने कायम वास्तव्याचा तो कागद आधी हाती घेतलाच पाहिजे, असा नियम आला. कागदासाठीचा अर्ज पंच्याऐंशी पानांचा होता. कोणत्या महिन्यात कोठे काम केले, कितीदा देशाबाहेर गेलात, सगळा हिशेब द्यावयाचा. पुढे २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या जनतेने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुक्त संचाराचा हक्क संपला. जे आधीपासून तेथे राहत होते, त्यांनी ३० जून २०२१ पर्यंत नव्या योजनेखाली अर्ज करावयाचा होता. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांस 'सेटल्ड' म्हणजे स्थायिक दर्जा, त्याहून कमी असलेल्यांस 'प्री-सेटल्ड' हा तात्पुरता दर्जा. मुदतीपर्यंत साठ लाखांवर अर्ज आले. जुने पंच्याऐंशी पानी तपश्चर्येचे फळ त्या तारखेनंतर निरुपयोगी ठरले.

हा फरक वरवर कारकुनी वाटतो. तसा तो नाही. जुन्या व्यवस्थेत हक्क आधी आणि कागद नंतर. नव्या व्यवस्थेत कागद हाच हक्क. किंबहुना कागदही नव्हे, कारण हा दर्जा केवळ संगणकात असतो, हाती धरण्याजोगे काही मिळत नाही. एखाद्या वृद्ध बाईने वीस वर्षे इमानेइतबारे तेथे संसार केला, आणि अर्ज करावयाचा असतो हे तिला कोणी सांगितलेच नाही, तर १ जुलै २०२१ च्या सकाळी ती तेथे बेकायदा झाली. उशिराचा अर्ज सबळ कारण असल्यास घेतला जातो. परंतु २०२३ च्या ऑगस्टपासून ती कारणे अधिक कसून तपासली जाऊ लागली.

ब्रिटिश सरकारची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांना तेथे राहण्याचा हक्क कायद्यानेच होता, पण त्यांच्यापाशी कागद नव्हता. वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही, आणि मग विचारू लागले. २०१८ साली ते प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कळले की, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, औषधोपचार नाकारले गेले होते, काहींना देशाबाहेरही घालविले होते. साक्षीदारावाचून हक्क असला म्हणजे असे होते. म्हणून प्रत्येकाने अर्ज करून दर्जा घ्यावा, असे सरकारचे म्हणणे. नोंदवह्या सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले असल्याने या युक्तिवादाचे वजन आम्हांस कळते.

परंतु जुन्या व्यवस्थेच्या पोटात एक खड्डा होता, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तो उघडा पडला. त्याची हकीकत आम्हांस एका कन्येच्या पत्रांतून कळली. तिची आई सिंधुदुर्गातील. आम्ही त्या भागात साहाय्यक धर्मगुरू असताना त्या कुटुंबाशी आमचा स्नेह जडला. वडील गोव्याचे, म्हणून मुलांस पोर्तुगीज पासपोर्ट. ही मुलगी २०१४ च्या सप्टेंबरात थोरल्या भावापाशी इंग्लंडला गेली व एका गोदामात रात्रपाळीने काम करू लागली. पुढे विधवा आईलाही त्यांनी नेले; मुक्त संचाराच्या नियमांत अवलंबून असलेल्या आईबापांना जवळ आणता येत असे. २०१७ च्या हिवाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. भावाला घरखर्च चालवावयाचा, वहिनीला लहान मूल. तेव्हा अविवाहित बहिणीनेच नोकरी सोडली. दीड वर्ष तिने आईला न्हाऊमाखू घातले, भरविले. २०१९ च्या वसंतात आई गेली. मुलगी पुन्हा कामावर रुजू झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला स्थायिक दर्जा मिळाला. योजनेने तिला एवढेच विचारले होते: पाच वर्षे येथे राहिलीस का? ती राहिली होती.

स्थायिक दर्जा मिळाल्यावर बारा महिने थांबून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. (पती वा पत्नी ब्रिटिश असल्यास हे बारा महिने थांबावे लागत नाही.) पाच वर्षांत साडेचारशेहून अधिक दिवस देशाबाहेर काढलेले नसावेत, शेवटच्या वर्षात नव्वदहून अधिक नसावेत, इंग्रजी यावे, आणि ब्रिटनमधील जीवनावर चोवीस प्रश्नांची परीक्षा पंचेचाळीस मिनिटांत द्यावी. हे सर्व तिला साध्य होते. पण १५ मे २०२० रोजी सरकारने अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच्या सूचना बदलल्या. त्या पाच वर्षांतील वास्तव्य 'कायदेशीर' होते काय, हे दर्जा मिळालेला असला तरी पुन्हा पाहावे, असे त्यांत होते. आणि कायदेशीर म्हणजे काय? काम करणारा कायदेशीर. पण विद्यार्थी किंवा काम न करता स्वतःच्या वा आप्तांच्या पैशावर राहणारा असेल, तर त्या काळात त्याच्यापाशी आजारपणाचा सर्वंकष विमा असला पाहिजे.

हा विमा कोणी ऐकलेला नव्हता. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सर्वांस असते. डॉक्टरकडे नाव नोंदवा, औषध घ्या. विम्याची चौकशी कोणी करीत नसे. युरोपीय संघाच्या २००४ च्या निदेशात ती अट होती खरी, पण सरकारी आरोग्यसेवा म्हणजे विमा नव्हे, असा ब्रिटिश सरकारने तिचा अर्थ लावला होता. म्हणजे आईच्या उशाशी बसलेली ती अठरा महिने, ज्या देशाने त्याच काळात तिला डॉक्टर दिला, त्याच देशाच्या लेखी, विम्याअभावी बेकायदा वास्तव्यात होती! गोदामात खोकी उचलीत राहिली असती तर प्रश्न नव्हता.

तिने एका सल्लागाराला विचारले. अधिकाऱ्याला सवलत देण्याचा अधिकार आहे, परंतु अर्ज फेटाळला गेला तर भरलेले शुल्क बुडेल; त्यापेक्षा ते दीड वर्ष पाच वर्षांच्या मोजणीतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, थांबावे, असे त्याने सांगितले. सल्ला वाईट नव्हता. तिने अर्ज खणात ठेवला आणि आम्हांस लिहिले, ''फादर, मी आईची सेवा केली ती वर्षे सरकार मोजीत नाही. त्या वर्षांबद्दल मी काय लिहू?'' आम्ही उत्तर धाडले, पण त्या प्रश्नास पुरे पडेल असे आमच्यापाशी काही नव्हते.

कोणावर ही अट येऊन पडत होती, याचा विचार करून पाहावा. कामकरी माणसाची बायको नवऱ्याच्या आश्रयाने सुटत असे. अडकत होते ते एकटे लोक: घरातील आजाऱ्यासाठी नोकरी सोडणारी मुलगी, नवऱ्यापासून विभक्त झालेली आई, सज्ञान झालेला विद्यार्थी. ज्यांच्या श्रमाची पगारपत्रके निघत नाहीत, नेमके तेच. आणि ही चौकशी मागील वर्षांची होती. आता विमा काढून उपयोग नव्हता. जे करावयास कोणी सांगितले नाही, ते का केले नाही, असे पाच वर्षांनी विचारणे आम्हांस अन्यायाचे वाटते, मग नियमाचे शब्द काहीही असोत.

हा खड्डा पुढे बुजला, तो दोन बाजूंनी. १० मार्च २०२२ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ज्याचे नाव आहे, त्याच्यापाशी सर्वंकष विमा आहे असेच समजावे. ब्रिटन संघाबाहेर पडून दोन वर्षे झाल्यावर हा निर्णय आला, हा एक दैवदुर्विलासच. दुसरीकडे ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी राष्ट्रीयत्व व सीमा कायदा संमत केला. त्या कायद्याची चर्चा आश्रितांविषयीच्या कठोर कलमांमुळे झाली, व ती कलमे आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीत. पण त्यांत दूर कोपऱ्यात एक कलम असे होते की, अर्जदारास कायमचा वास्तव्य-दर्जा मिळालेला असेल, तर मागील वर्षे कायदेशीर होती असे धरून चालता येईल. २८ जून २०२२ पासून ते अमलात आले. आमच्या या कन्येने त्या शरदऋतूत खणातला अर्ज बाहेर काढला. दुसऱ्या वर्षी तिला नागरिकत्व मिळाले.

हे वाचून कोणी म्हणेल, सेटल्ड दर्जा होताच, मग नागरिकत्वाचा अट्टाहास कशाला? कारण तो दर्जा सलग पाच वर्षे देशाबाहेर राहिल्यास जातो. म्हातारपणी गावी येऊन राहणाऱ्यास हे ध्यानात ठेवावे लागते. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नाही. आणि ज्यांनी एकदा हक्क एका कौलाने जाताना पाहिला आहे, त्यांस अर्धवट दारात उभे राहणे नको असते.

शुल्काविषयी एक शब्द. २०२२ साली नागरिकत्वाच्या अर्जास १,३३० पौंड पडत. २०२५ च्या एप्रिलपासून ती रक्कम शपथविधीच्या १३० पौंडांसह १,७३५ झाली. आपल्या रुपयांत लाखाच्या वर जाते. प्रेषितांच्या कृत्यांत रोमन सरदार पौलाला सांगतो की, आपण मोठी किंमत मोजून नागरिकत्व मिळविले, आणि पौल उत्तरतो की, आपण तर जन्मतःच नागरिक. त्या सरदाराकडे आम्ही कधी सहानुभूतीने पाहिले नव्हते. अलीकडे पाहू लागलो आहोत.

भारतीय पासपोर्टावर तेथे गेलेल्या आमच्या परिचारिका व संगणक-अभियंते या सर्व कहाणीकडे काहीशा तिरकस नजरेने पाहतात. त्यांना पहिल्या दिवसापासून व्हिसा, शुल्क, आणि अभियंत्यांना २०१५ पासून आरोग्यसेवेचा वेगळा अधिभारही. तो २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड झाला. १ जानेवारी २०२१ पासून नव्याने येणारा पोर्तुगीज आणि नव्याने येणारा भारतीय एकाच रांगेत उभे आहेत. 'आता गोवेकरांनाही कळेल', असे एका परिचारिकेने आम्हांस हसत सांगितले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण रांग समान झाली ती एकाचा हक्क काढून, दुसऱ्यास काही दिल्याने नव्हे.

मोठ्यांचे हे असे. लेकरांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून केवळ त्या भूमीवर जन्मल्याने मूल ब्रिटिश होत नाही. आईबापांपैकी एक तरी ब्रिटिश वा 'स्थायिक' असावा लागतो. युरोपीय कामगारास स्थायिक मानण्याची प्रथा २ ऑक्टोबर २००० रोजी बदलली. त्याआधी जन्मलेले मूल ब्रिटिश. नंतर जन्मलेले बहुधा नव्हे. एकाच घरात दोन भावांची अशी विभागणी झाली. २००० च्या त्याच ऑक्टोबरात जन्मलेल्या एका तरुणाने न्यायालयात विचारले की, पूर्वीची प्रथा तरी कायद्यास धरून होती काय? २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. पण त्या निकालाने उलट थोरल्यांच्याच नागरिकत्वाखालची जमीन हलली. हजारो माणसे, ज्यांनी जन्मभर ब्रिटिश पासपोर्ट वापरला, ती कदाचित कधी ब्रिटिश नव्हतीच, असा अर्थ निघू लागला. तेव्हा पार्लमेंटने घाईने कायदा करून, १९८३ पासून १ ऑक्टोबर २००० पर्यंत जन्मलेल्यांचे नागरिकत्व पक्के केले. २९ जून २०२३ रोजी त्यास राजसंमती मिळाली. कायदा मनावर घेतो तेव्हा गेलेल्या वर्षांकडे दयेनेही पाहू शकतो, याचे हे उदाहरण आम्ही जपून ठेवले आहे.

आता नवी लेकरे आहेत. १ जुलै २०२१ नंतर तेथे जन्मलेले मूल, जर आईबाप दोघेही प्री-सेटल्डच असतील किंवा त्यांनी अर्जच केला नसेल, तर जन्मतः ब्रिटिश नसते. पुढे आई किंवा बाप स्थायिक झाला म्हणजे त्या मुलाची नोंदणी करून घेता येते; तिचे शुल्क २०२५ साली १,२१४ पौंड होते. प्री-सेटल्ड दर्जाची मुदत २०२३ पासून सरकार स्वतःहून वाढवू लागले, कारण २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले होते की, दुसरा अर्ज केला नाही एवढ्यावरून कोणाचा हक्क आपोआप नष्ट होऊ शकत नाही. मोठी चिंता त्यामुळे दूर झाली. पण मुदत वाढली म्हणजे दर्जा स्थायिक झाला, असे अनेकजण समजून बसले आहेत, आणि मुलाचा पासपोर्ट काढावयास गेल्यावर त्यांचे डोळे उघडतात.

आमच्या ओळखीतील अशा दोन कुटुंबांची मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. दोन्ही घरांतील आजी येथे आमच्याच धर्मग्रामात राहतात; आम्ही त्यांच्याकडून पत्ते घेऊन मुलांच्या आईबापांस लिहिले. एका घरी आईने स्थायिक दर्जा मिळवून मुलाच्या नोंदणीचा अर्ज भरला आहे, आणि तिला आपल्या लग्नाचा उतारा हवा होता, तो आम्ही धाडला. दुसऱ्या घरून अद्याप उत्तर नाही.